डिझेलकडून ब्रिकेटकडे: पुण्याजवळच्या एका दूध प्रक्रिया केंद्राचं प्रकरण

पुण्यात जैवइंधन म्हटलं की चर्चा इथेनॉलवर जाते. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, कोथरूडला वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय आहे, इथेनॉल प्रकल्प उभारणारी प्राज इथलीच. पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २०२२ च्या जूनमध्ये १० टक्क्यांवर गेलं आणि २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे ओढलं गेलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जिल्ह्यातल्या लहान कारखान्यांत रोज जे डिझेल आणि फर्नेस ऑइल वाफ करण्यासाठी जळतं, त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. दूध, फरसाण, लाँड्री, रंगकाम, औषधं अशा शेकडो ठिकाणी छोटे बॉयलर आहेत. तिथे जीवाश्म इंधन बदलणं आजच्या तंत्रज्ञानात शक्य आहे आणि बहुतेक वेळा परवडणारंही आहे. तरीही अनेक जण वर्षभर प्रयत्न करून पुन्हा डिझेलवर येतात. हे प्रकरण डिझेल सोडून ब्रिकेटवर, म्हणजे टाकाऊ मालाच्या दाबून केलेल्या कांड्यांवर गेलेल्या आणि परत न फिरलेल्या एका केंद्राचं आहे, आणि तेही परत फिरण्याच्या अगदी काठावर पोचलं होतं.

ऊर्जा सल्लागार म्हणून मी या कामात होतो. केंद्राच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि माणसांची नावं वगळली आहेत, आकडे गोल केले आहेत.

पार्श्वभूमी

केंद्र पुणे-सोलापूर रस्त्याच्या पट्ट्यात आहे. रोजचं संकलन पंधरा हजार लिटरच्या आसपास. काही दूध पाश्चराइझ होऊन पिशवीत जातं, चार-साडेचार हजार लिटरचं पनीर होतं, उरलेल्याचं दही, चक्का, तूप. कारभार घरचा. मोठे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी बर्फाच्या लाद्या आणि ॲल्युमिनियमचे कॅन घेऊन सुरुवात केली. आता उत्पादन बघते ती त्यांची पुतणी, दुग्धतंत्रज्ञानाची पदवीधर. केंद्रात ती ताई.

वाफ लागते ती पाश्चरायझरला, पनीरच्या व्हॅटला, तुपाच्या कढईला आणि पाइप-टाक्या धुण्याला. त्यासाठी ताशी एक टन क्षमतेचा डिझेलवरचा बॉयलर होता. रोजचं डिझेल सरासरी २५० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर दिवसाला साडेबावीस हजार, महिन्याला पावणेसात लाख. विजेचं बिल, वाहतूक आणि पगार यांच्या बरोबरीने हा खर्च उभा होता, आणि दुधाला दोन रुपये वाढवून द्यायचे म्हटलं की पहिली नजर त्याच्याकडेच जायची.

अडचण

वरवर पाहता अडचण पैशांची होती. पण ताईने पहिल्याच बैठकीत दुसरी गोष्ट मांडली. त्यांचा माल घेणाऱ्या एका मोठ्या ग्राहकाने पुरवठादारांकडून कार्बन उत्सर्जनाची माहिती मागायला सुरुवात केली होती. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाचे तीनशेच दिवस धरले तरी ७५ हजार लिटर, म्हणजे जवळपास २०० टन. एवढ्या लहान केंद्रासाठी हा आकडा लपण्यासारखा नव्हता.

अण्णांचं म्हणणं सरळ होतं: "धूर कमी झाला तर उत्तमच. पण सकाळी चारला दूध येतं, त्या वेळी वाफ पाहिजे. दूध थांबत नाही." पुढच्या सगळ्या निर्णयांवर हीच अट राहिली, आणि ती योग्य होती.

कामाला लागण्याआधी आम्ही वाफेचा हिशेब केला. २५० लिटर डिझेलमधून दिवसाला साधारण तीन हजार किलो वाफ निघत होती. सकाळी पनीर आणि पाश्चरायझर एकत्र चालताना मागणी ताशी आठशे किलोपर्यंत जायची, दुपारी दोनशेच्याही खाली यायची. सरासरी चारशे. वाफेच्या लाइनवर तीन ठिकाणी गळती दिसली. चौरस सेंटिमीटरला सात किलो दाबावर तीन मिलिमीटरच्या एका छिद्रातून ताशी पंचवीस-तीस किलो वाफ निघून जाते. पाश्चरायझर आणि कढईकडून येणारं गरम पाणी, म्हणजे कंडेन्सेट, सरळ गटारात जात होतं. बॉयलरमध्ये जाणारं पाणी सहा अंशांनी गरम झालं की एक टक्का इंधन वाचतं, हा धंद्यातला जुना ठोकताळा. इथे चाळीस अंश फुकट जात होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पाइपचा नैसर्गिक वायू. स्वच्छ, बटणावर चालणारा, साठवायची गरज नाही. पण केंद्रापर्यंत पाइपलाइन पोचलेली नव्हती आणि कधी पोचेल हे कुणी लेखी द्यायला तयार नव्हतं. शिवाय तोही जीवाश्म इंधनच.

दुसरा, बायोडिझेल. सर्वांत कमी बदल यात होता. बर्नर तोच, टाकी तीच. बायोडिझेलची उष्णता वजनाला डिझेलपेक्षा बारा-तेरा टक्क्यांनी कमी पडते, तेवढं जास्त जाळायचं. जुन्या टाकीतला गाळ ते सोडवतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर वारंवार बदलावे लागतात, आणि काही प्रकारचे रबरी सील फुगतात. हे सगळं सांभाळता येतं. घोडं अडलं ते पुरवठ्यात. वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल करण्याची मोहीम २०१८ पासून आहे, पण रोज दोनशे-अडीचशे लिटर, भारतीय मानक १५६०७ चं प्रमाणपत्र प्रत्येक टँकरसोबत, असा पुरवठा देणारा एकच विक्रेता मिळाला आणि त्याचा दर डिझेलला टेकलेला. दुसरे दोघे बरेच स्वस्त होते. प्रमाणपत्र मागितल्यावर त्यांचे फोन बंद झाले. बायोडिझेलच्या नावाखाली भलतंच औद्योगिक तेल विकण्याचे प्रकार घडतात, त्यामुळे ताईने ही वाट तिथेच सोडली.

तिसरा पर्याय ब्रिकेट, म्हणजे पांढरा कोळसा. लाकडाचा भुसा, शेंगदाण्याची टरफलं, बगॅस, सोयाबीनचं काड असा शेतीतला आणि आरा गिरणीतला टाकाऊ माल प्रचंड दाबाखाली दाबून केलेल्या या कांड्या. वेगळा डिंक किंवा गोंद लागत नाही. दाब आणि उष्णतेने त्या मालातलं लिग्निन मऊ होऊन तेच बांधणी करतं. चांगल्या ब्रिकेटमध्ये किलोला ३८०० ते ४००० किलोकॅलरी उष्णता असते. डिझेलमध्ये लिटरला साडेआठ हजार. घन इंधनाच्या बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर २५० लिटर डिझेलच्या जागी ६८० किलो ब्रिकेट लागणार होत्या. किलोला साडेसात रुपये दराने पाच हजार शंभर रुपये. साडेबावीस हजारांपुढे पाच हजार, हा फरक बघितल्यावर बैठकीत थोडा वेळ कुणी बोललंच नाही.

चौथा पर्याय दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांपैकी काहींनी सुचवला. यातले निम्मे ऊस करतात. त्यांचं म्हणणं, आमचं पाचट घ्या, त्याच्या ब्रिकेट करा, आम्हालाही चार पैसे मिळतील. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, हिशेब मोहात पाडणारा होता. इथे मी स्पष्ट विरोध केला आणि आजही करेन. खोडव्यात पाचट कुजवलं तर जमिनीतला सेंद्रिय कर्ब टिकतो, पाण्याच्या पाळ्या कमी होतात. जिथे पाचट पेटवलं जातं तिथून ते इंधनासाठी उचलणं निश्चित बरं. पण जो शेतकरी ते शेतातच आच्छादतो, त्याच्याकडून ते विकत घेऊन जाळायचं आणि त्याला हरित इंधन म्हणायचं, हे मला पटत नाही. शिवाय पाचट हलकं आणि जागा खाणारं, गोळा करायला मजुरी, दाबायला वेगळं यंत्र, राख आणि पोटॅशचं प्रमाण जास्त. अण्णांनी हा मुद्दा दोन वाक्यांत संपवला: "रानातलं रानात राहू दे. माणसाची जमीन खराब करून मला वाफ नको."

पाचवा पर्याय केंद्राच्या मागच्या गटारात होता. पनीर झाल्यावर उरणारं पाणी, ज्याला धंद्यात व्हे म्हणतात, रोज साडेतीन हजार लिटर निघायचं. थोडं जनावरांसाठी जायचं, बाकी सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत. त्यात दुधातली साखर जवळपास सगळी असते. बंद टाकीत जिवाणूंकडून कुजवलं तर मिथेन मिळतो. या पर्यायाकडे तेव्हा आम्ही एक परिच्छेद लिहून पुढे गेलो. त्यावर खाली सविस्तर येईल.

निर्णय आणि पहिली कामं

ब्रिकेट ठरल्या. त्याबरोबर आणखी तीन निर्णय झाले. त्यातले दोन बरोबर ठरले.

पहिला, जुना डिझेल बॉयलर विकायचा नाही. विकला असता तर सात-आठ लाख मिळाले असते आणि अण्णांच्या थोरल्या मुलाचा तसा आग्रह होता. पण सकाळी चारच्या दुधाची अट कुणी विसरलं नव्हतं. बॉयलर जागेवर राहिला, आठवड्यातून एकदा चालवून बघायचा असं ठरलं.

दुसरा, आधी कागद आणि मग यंत्र. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात इंधनाचा प्रकार आणि चिमणीचा तपशील नोंदलेला असतो. इंधन बदललं की ते पत्रही बदलून घ्यावं लागतं. बरेच जण आधी बॉयलर बसवतात आणि नोटीस आल्यावर धावतात. इथे ताईने दुरुस्तीचा अर्ज ऑर्डर देण्याआधी केला. दोनेक महिने गेले, पण नंतर शेजारच्या वस्तीतून तक्रार झाली तेव्हा या कागदांनीच केंद्राला उभं ठेवलं.

तिसरा निर्णय बॉयलरच्या आकाराचा, आणि तो चुकला. ताशी एक टन की दीड टन, असा प्रश्न होता. किमतीतला फरक फार नव्हता. दोन वर्षांत संकलन वाढवायचा बेत होता. विक्रेत्यानेही मोठाच सुचवला. दीड टनाचा घेतला. शेड, चिमणी आणि धुरातले कण पकडणारा सायक्लोन धरून खर्च ३५ लाखांच्या आसपास गेला. माझ्या टिपणात एक टन लिहिलेलं होतं, पण "वाढ झाली तर पुन्हा खर्च नको" या युक्तिवादापुढे ते टिकलं नाही. गळती दुरुस्ती आणि कंडेन्सेट परत आणण्याचं काम "बॉयलर बसला की बघू" म्हणून पुढे ढकललं गेलं. या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या होत्या, हे पुढे कळलं.

पहिला पावसाळा

बॉयलर मार्चमध्ये सुरू झाला. एप्रिल-मे छान गेले. उन्हाळ्यात माल कोरडा, साखर कारखान्यांचा हंगाम नुकताच संपलेला, बगॅस आणि भुसा मुबलक. रोज सातशे किलोच्या आत काम भागायचं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि चित्र बदललं. गाडीवर ताडपत्री असूनही ब्रिकेट ओलसर यायला लागल्या. पाणी लागलेली ब्रिकेट फुगते आणि हाताने दाबली तरी भुसा होते. पुरवठादाराकडचा कच्चा मालच उघड्यावर भिजत होता. इकडे केंद्रातली शेड तीन बाजूंनी उघडी, जमिनीला ओल. खप सातशेवरून अकराशे किलोपर्यंत गेला. दर साडेसातचा साडेआठ झाला. दोनदा सकाळी दाब चढलाच नाही आणि पनीरची पाळी डिझेल बॉयलरवर काढावी लागली. जुलैमध्ये तर महिन्यातले दहा-बारा दिवस डिझेलच जळलं.

हे का झालं त्याचा हिशेब साधा आहे. आठ टक्के ओलाव्याच्या ब्रिकेटमधून किलोला ३९०० किलोकॅलरी मिळत असेल, तर पंचवीस टक्के ओलाव्याला ती ३१०० च्या खाली येते. जळणारा माल कमी होतो आणि जे पाणी आहे ते उकळायलाही त्यातलीच उष्णता खर्ची पडते. शिवाय वजनकाट्यावर ते पाणी साडेआठ रुपये किलोने विकत घेतलेलं असतं. ओल्या इंधनाने भट्टी थंड पडते, जाळ अर्धवट राहतो, कार्यक्षमता सत्तरवरून पंचावन्नवर येते. दोन्ही तोटे एकत्र झाले की खप दीडपट होतो. नेमकं तेच घडलं.

ओलाव्यासोबत दुसरी तक्रार राखेची. चांगल्या भुशाच्या ब्रिकेटची राख दोन-तीन टक्के असते. आता येत होती ती दहा-बारा टक्क्यांची, मातीमिश्रित. शेतमालातलं पोटॅशियम आणि मातीतली वाळू एकत्र वितळून जाळीवर काचेसारखे खडे धरतात, त्यांना क्लिंकर म्हणतात. मामा, म्हणजे बॉयलर सांभाळणारे आमचे जुने अटेंडंट, दर दोन तासांनी सळईने ते फोडत होते. डिझेलवर त्यांचं काम गेजवर लक्ष ठेवण्याचं होतं. आता साठीला आलेला माणूस भट्टीच्या तोंडाशी घामाघूम उभा. ऑगस्टमध्ये त्यांनी ताईला सांगितलं, "ताई, मी काम सोडत नाही, पण हे एकट्याचं राहिलं नाही."

आणि धूर. मागणी दोनशे किलोवर आली की दीड टनाचा बॉयलर दम कोंडून चालायचा. डिझेलचा बर्नर बंद होतो, घन इंधन बंद होत नाही. हवा कमी केली की ते धुमसतं. दुपारी चिमणीतून काळा धूर निघायचा. मागच्या वस्तीत नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्यात कुरडया-पापडांच्या वाळवणावर काजळी पडल्याचं बायका सांगत होत्या. तेव्हा कुणी मनावर घेतलं नव्हतं. आता लेखी तक्रार झाली. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण कार्बनच्या हिशेबात ब्रिकेट डिझेलपेक्षा कितीही सरस असली, तरी जवळच्या माणसाच्या नाकातोंडात जाणाऱ्या सूक्ष्म कणांच्या बाबतीत ती डिझेलपेक्षा वाईट असू शकते. पृथ्वीचा फायदा शेजाऱ्याच्या छातीवर वसूल करायचा नाही, ही जबाबदारी इंधन बदलणाऱ्याचीच आहे.

परतायचं की सुधारायचं

ऑगस्टअखेरची बैठक या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण. थोरल्या मुलाने आकडे मांडले: जुलैत अपेक्षित बचतीच्या निम्मीही झाली नाही, मनस्ताप वेगळा. बॉयलर विकून टाकू, गॅस येईपर्यंत डिझेल चालू ठेवू. अण्णा गप्प होते.

ताईने तेव्हा जे मांडलं त्याने प्रकरणाची दिशा बदलली. ती म्हणाली, "अण्णा, आपण दूध कधी नुसतं लिटरवर घेतलंय का? फॅट लावतो, एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) लावतो, पाणी असेल तर दर कापतो, फारच असेल तर कॅन परत करतो. मग हे इंधन आपण डोळे मिटून किलोवर का घेतो?"

केंद्राच्या प्रयोगशाळेत पनीरचा ओलावा तपासायला ओव्हन होताच. राख काढायची मफल भट्टीही होती. नवं काही विकत घ्यायचं नव्हतं. पुढच्याच आठवड्यापासून प्रत्येक गाडीच्या वरून, मधून आणि खालून कांड्या काढायच्या, फोडून एकत्र करायच्या आणि तपासायच्या, असं सुरू झालं. मी उष्मांकाची चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून काही नमुन्यांवर करून घेतली, म्हणजे ओलावा आणि राखेवरून उष्णतेचा अंदाज किती जुळतो ते कळेल. चांगला जुळला.

त्यावरून ताईने दुधासारखंच दरपत्रक केलं. दहा टक्क्यांपर्यंत ओलावा आणि पाच टक्क्यांपर्यंत राख असेल तर पूर्ण दर. त्यापुढे ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला दरात दीड टक्का कपात, राखेला वेगळी. ओलावा पंधराच्या वर गेला तर गाडी परत. उलट आठच्या खाली आला तर थोडा जास्त दर.

तीन पुरवठादारांपैकी दोघांनी पाठ फिरवली. तिसरा थांबला, पण त्याचीही एक अट होती, आणि ती रास्त होती. केंद्र त्याचे पैसे पंचेचाळीस दिवसांनी द्यायचं. एवढे दिवस पैसे अडकल्यावर कच्चा माल झाकायला शेड बांधू कशी, असा त्याचा सवाल. अण्णांनी इथे लगेच निर्णय दिला: दूध उत्पादकांना दर दहा दिवसांनी बिल मिळतं, यालाही तसंच द्यायचं. माझ्या मते पुरवठा स्थिर होण्यात दरपत्रकाइतकाच वाटा या दहा दिवसांचा आहे. जैवइंधनाच्या साखळीत सर्वांत खाली असलेला माणूस भुसा आणि टरफलं गोळा करणारा असतो. त्याच्याकडे खेळतं भांडवल नसतं. त्याचे पैसे अडकवून त्याच्याकडून गुणवत्तेची अपेक्षा करणं चालत नाही.

बाकीची कामं भराभर झाली. शेड चारी बाजूंनी बंद केली, फूटभर उंच ओटा बांधला, मेअखेर दीड महिन्याचा साठा भरून ठेवायचा असं ठरलं. वाफेची गळती काढली, कंडेन्सेट परत आणलं. वाफेची गरज तीन हजारांवरून दोन हजार सहाशे किलोवर आली. दुपारची कामं एकत्र आणून बॉयलर सलग चालेल असं वेळापत्रक केलं, त्यामुळे धुमसणं बरंच थांबलं. सायक्लोन जाड कण पकडतो, बारीक नाही, म्हणून त्यापुढे बॅगफिल्टर, म्हणजे धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्या, बसवला. मामांना एक प्रमाणपत्रधारक जोडीदार दिला आणि दोघांचा पगार वाढवला. थोडं थोडं, वारंवार घालायचं, एकदम भट्टी भरायची नाही, हे मामांनीच त्या नव्या मुलाला शिकवलं.

निष्पत्ती

दुसऱ्या पावसाळ्यात दाब पडला म्हणून पनीरची पाळी एकदाही थांबली नाही. सरासरी खप सहाशे किलोच्या आसपास राहिला. आधी एक किलो वाफेला साडेसात रुपयांचं डिझेल लागायचं. आता ब्रिकेट, जादा मजुरी, पंख्यांची वीज, राख उचलणं, बॅगफिल्टरची देखभाल आणि अधूनमधून लागणारं डिझेल असं सगळं धरून खर्च साडेतीन रुपयांच्या आसपास आहे. पहिल्या पावसाळ्याचा फटका आणि बॅगफिल्टरचा खर्च धरूनही गुंतवणूक दीड वर्षाच्या आत वसूल झाली.

कार्बनचा हिशेब मी थोडा कडकपणे केला. ब्रिकेटच्या धुरातला कार्बन वनस्पतींनी हवेतूनच घेतलेला, म्हणून तेवढा धरला नाही. शंभर किलोमीटरवरून दहा टनांची गाडी येते आणि रिकामी परत जाते, म्हणजे खेपेला पन्नासेक लिटर डिझेल. वर्षाला अठरा-वीस खेपा म्हणजे हजार लिटर. त्यात आणीबाणीसाठी लागणारं डिझेल आणि ब्रिकेट दाबायची वीज मिळवली तरी उत्सर्जनात वर्षाला निदान पावणेदोनशे टनांची घट आहे. हा आकडा एका गृहीतकावर उभा आहे: जो माल जळतो तो खरोखर उरलेलाच आहे. म्हणून पुरवठादाराकडून प्रत्येक गाडीचा कच्चा माल कोणता आणि कुठला हे लिहून घेतलं जातं. तोडलेल्या झाडांचं लाकूड दळून केलेला भुसा घ्यायचा नाही, ही अट करारात आहे.

राख रोज वीस-पंचवीस किलो निघते. दूध घालणारे शेतकरीच ती शेणखतात मिसळायला नेतात. वस्तीतली तक्रार मागे घेतली गेली.

एक काळजी मात्र पुढे वाढणार आहे. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात ५ टक्के जैवभार मिसळावा, असं धोरण केंद्र सरकारने २०२१ मध्ये आणलं. तिकडून मागणी वाढली तर लहान ग्राहकांना माल महाग पडेल. ताईने एकाऐवजी दोन पुरवठादार तयार करायला घेतले आहेत, दुसरा शेंगदाण्याच्या टरफलांवर चालणारा, म्हणजे दोघांचा हंगाम एकाच वेळी आटणार नाही.

आज पुन्हा करायचं झालं तर

क्रम उलटा हवा होता. आधी गळती आणि कंडेन्सेट, मग उरलेल्या गरजेनुसार बॉयलर. दोन हजार सहाशे किलोच्या गरजेला दीड टनाचा बॉयलर कुणी घेतला नसता, आणि धुराची निम्मी कटकट जन्मालाच आली नसती. तेलाच्या बॉयलरमध्ये मोठा आकार खपून जातो, घन इंधनात नाही.

बॉयलर मे-जूनऐवजी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात सुरू व्हावा असं मी आता सगळ्यांना सांगतो. मार्चचा मुहूर्तही तसा उशिराचाच होता. माणसांना भट्टी समजायला चार-सहा महिने कोरडे मिळायला हवेत. वस्तीतल्या लोकांशी बोलणं तक्रारीनंतर नाही, चिमणी उभी करण्याआधी व्हायला हवं. पुरवठादाराशी करार करताना दर ठरवण्याआधी ओलावा कुणी, कसा आणि कुणासमोर मोजायचा हे ठरवावं.

आणि व्हे. आता आकडे नीट मांडले आहेत. लिटरला पन्नास ग्रॅम या हिशेबाने साडेतीन हजार लिटरमध्ये रोज पावणेदोनशे किलो सीओडी, म्हणजे कुजू शकणाऱ्या सेंद्रिय भाराचं माप, जातो. त्यातला ऐंशी टक्के कुजला तर, किलोला ०.३५ घनमीटर या सूत्राने, जवळपास पन्नास घनमीटर मिथेन मिळतो. म्हणजे पन्नास लिटर डिझेलइतकी उष्णता, वाफेच्या गरजेचा पाचवा हिस्सा. तो कुठूनही गाडीने आणावा लागत नाही, पावसात भिजत नाही आणि सांडपाण्याचा भारही उतरवतो. व्हे आंबट असल्याने जिवाणू रुसतात, सुरुवात सावकाश आणि शेणाच्या विरजणाने करावी लागते, तुपकटपणा आधी काढावा लागतो. अडचणी आहेत, पण त्या माहितीतल्या आहेत. पहिल्या अहवालात या पर्यायाला एक परिच्छेद मिळाला, कारण डिझेल आणि ब्रिकेटमधल्या दराच्या फरकाने सगळ्यांचं लक्ष वेधून घेतलं होतं. तेव्हा चार आठवडे व्हेचं माप घेतलं असतं तर ब्रिकेट बॉयलर आणखी लहान लागला असता.

ते माप आता ताईने घेतलं आहे, हंगामानुसार वर्षभराचं. दिवाळीच्या मागणीत व्हे दीडपट होतो, अधिक महिन्यात आणि लग्नसराईत वेगळा. टाकी रोजच्या सरासरीवर काढायची आणि जास्तीचा व्हे जनावरांना द्यायचा, असं ठरलं आहे. गॅस साठवायचा नाही, सकाळच्या पाळीला जुन्या डिझेल बॉयलरवरच दुहेरी बर्नर बसवून जाळायचा. जो बॉयलर विकायला निघाला होता त्याचा उपयोग असा निघाला. जागेची आखणी झाली आहे आणि संमतीपत्रातल्या बदलाचा अर्ज, याही वेळी ऑर्डरच्या आधी, गेलेला आहे.